डोळ्यात येणारा प्रकाश : इब्न अल-हैसम यांचं आयुष्य आणि आपल्या चष्म्याची काच

नंदुरबारच्या मिरची पथारीवर काम करणाऱ्या बायांना उन्हाबद्दल कुणी काही शिकवायची गरज नाही. समोर लांबच लांब पसरलेली लाल मिरची, डोक्यावर तापलेलं ऊन, हवेत ठसका. पदर किंवा ओढणी कपाळावर ओढून, डोळे बारीक करून त्या दिवसभर मिरची उलथत असतात. फार उजेडाकडे पाहिलं की डोळा दुखतो, हे त्यांना रोजच्या कामातून कळलेलं असतं.

सुमारे हजार वर्षांपूर्वी एका माणसाने नेमकी हीच साधी गोष्ट पुरावा म्हणून मांडली आणि डोळ्याबद्दलची शेकडो वर्षांची समजूत हलवली. त्यांचं नाव अबू अली अल-हसन इब्न अल-हसन इब्न अल-हैसम. युरोपने त्यांना अल्हाझेन म्हटलं. चष्मा किंवा गॉगल घेताना दुकानात आपण ज्या चुका करतो, त्यातल्या बऱ्याचशा टाळायला त्यांचं आयुष्य आणि त्यांची विचार करायची पद्धत आजही उपयोगी पडते. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी एकत्र सांगतो आहोत.

बसऱ्यातलं बालपण आणि जुनी समजूत

इब्न अल-हैसम यांचा जन्म इराकमधल्या बसरा शहरात हिजरी 354, म्हणजे इसवी सन 965 च्या सुमारास झाला. बसरा तेव्हा व्यापाराचं आणि विद्येचं मोठं केंद्र होतं. ग्रीक विद्वानांचे ग्रंथ अरबीत येऊन शंभरहून अधिक वर्षं झाली होती. युक्लिडची भूमिती, टॉलेमीचं खगोलशास्त्र, गॅलनचं वैद्यक हे सगळं तिथल्या अभ्यासकांच्या हाताशी होतं. तरुण इब्न अल-हैसम गणिताकडे वळले आणि त्यात त्यांनी नाव कमावलं.

आपल्याला दिसतं कसं, यावर त्या काळी मोठा वाद होता. युक्लिड आणि टॉलेमी यांच्या मते डोळ्यातून किरण बाहेर पडतात, वस्तूला जाऊन लागतात आणि मग वस्तू दिसते. आंधळा माणूस काठीने चाचपतो, तसा डोळा किरणांनी जगाला चाचपतो, असं काहीसं. अ‍ॅरिस्टॉटलच्या अनुयायांना हे पटत नव्हतं, पण त्यांच्याकडे गणित नव्हतं. दोन्ही बाजूंना मोठमोठी नावं होती, त्यामुळे वाद तिथेच अडला होता.

नाईलचा प्रकल्प आणि नजरकैद

इब्न अल-हैसम यांच्या आयुष्याला वळण मिळालं ते नाईल नदीमुळे. तेराव्या शतकातले चरित्रकार अल-किफ्ती यांनी ही हकीकत दिली आहे. नाईलला कधी महापूर येई, कधी पाणी इतकं कमी पडे की इजिप्तमध्ये दुष्काळ होई. आपण इजिप्तमध्ये असतो तर या पाण्याला शिस्त लावली असती, असं इब्न अल-हैसम बोलून गेले. ही गोष्ट कैरोच्या फातिमी खलिफापर्यंत, अल-हाकिमपर्यंत पोचली. खलिफाने त्यांना मानाने बोलावून घेतलं, माणसं दिली, पैसा दिला आणि दक्षिणेला अस्वानकडे पाठवलं.

उकाई आणि सरदार सरोवराच्या पाण्याखाली गावं गेलेली पाहिलेल्या आपल्या जिल्ह्याला नदी अडवणं म्हणजे काय, हे समजावून सांगायला नको. त्या काळच्या साधनांनी ते काम होणार नाही, हे इब्न अल-हैसम यांच्या प्रवासातच लक्षात आलं. वाटेत त्यांनी प्राचीन इजिप्तच्या भव्य इमारती पाहिल्या. इतकं अचूक बांधणाऱ्या लोकांना नाईल अडवणं शक्य असतं तर त्यांनी ते केव्हाच केलं असतं, असा विचार त्यांच्या मनात आला. अस्वानजवळची जागा पाहून खात्रीच पटली. ते परत आले आणि हे काम होणार नाही, असं खलिफाला सांगितलं. अस्वानला नाईल खऱ्या अर्थाने अडवणारं मोठं धरण पूर्ण व्हायला 1970 साल उजाडलं.

अल-हाकिम लहरी म्हणून ओळखला जाई. त्याने इब्न अल-हैसम यांना एक सरकारी पद दिलं, पण जीव कधी जाईल याचा भरवसा नव्हता. शेवटी त्यांनी वेड लागल्याचं सोंग घेतलं. मालमत्ता जप्त झाली, माणूस घरात कोंडला गेला, पण जीव वाचला. फेब्रुवारी 1021 मध्ये अल-हाकिम गेल्यावरच हे सोंग संपलं.

मग ते अल-अझहर मशिदीच्या दाराशी एका छोट्या जागेत राहू लागले. दरबाराचा आश्रय पुन्हा घेतला नाही. दरवर्षी युक्लिड, टॉलेमी आणि आणखी काही गणिती ग्रंथांची स्वच्छ हस्तलिखितं तयार करायची, ती 150 इजिप्शियन दिनारांना विकायची आणि त्यात वर्ष काढायचं, असा त्यांचा क्रम होता. म्हणजे विज्ञानाच्या इतिहासातला हा मोठा माणूस पोटासाठी बारीक अक्षर लिहीत होता. वय साठीकडे झुकलेलं, आणि चष्मा नावाची वस्तू अजून जगात आलेलीच नव्हती.

अंधारी खोली आणि दिव्यांची रांग

कैरोतल्या आयुष्यात त्यांनी किताब अल-मनाझिर हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. पहिल्या तीन भागांत प्रकाश, डोळा, पाहणं आणि पाहण्यातल्या चुका आहेत. पुढचे तीन भाग आरशावरून परतणाऱ्या प्रकाशावर, तर सातवा पाणी आणि काच यांच्यातून वाकून जाणाऱ्या प्रकाशावर आहे.

वादाचा निकाल त्यांनी कुणाच्या नावावर लावला नाही, प्रयोगावर लावला. सूर्याकडे पाहिलं तर डोळा दुखतो. उजळ प्रकाशाकडे बराच वेळ पाहून अंधारात नजर वळवली तर त्या प्रकाशाची छाप डोळ्यात राहते. डोळा स्वतःच किरण सोडत असता, तर त्याला इजा का व्हावी? इजा होते, याचा अर्थ बाहेरून काहीतरी आत येतं.

दुसरा प्रयोग अंधाऱ्या जागेचा. एका छोट्या छिद्रासमोर बाहेर वेगवेगळ्या ठिकाणी दिवे ठेवले. आतल्या भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका जाई, बाकीचे तसेच राहत. यातून प्रकाश सरळ रेषेत जातो आणि एकाच छिद्रातून अनेक किरण एकमेकांत न मिसळता पार होतात, हे दिसलं. वस्तूच्या प्रत्येक बिंदूवरून प्रकाश निघतो, डोळ्यात येतो आणि आपल्याला दिसतं, ही मांडणी इथून पक्की झाली.

गॉगल घेताना : रंग नव्हे, आत काय येतं ते बघा

डोळा फक्त घेतो, ही गोष्ट एकदा मनात बसली की गॉगलच्या दुकानातला प्रश्न बदलतो. काच किती काळी आहे, यापेक्षा ती आत काय येऊ देते हे महत्त्वाचं ठरतं.

सूर्यप्रकाशात दिसणाऱ्या उजेडाबरोबर अतिनील किरण असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण वर्षानुवर्षं आत जात राहिले तर मोतीबिंदूचा धोका वाढवतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारी मांसाची वाढ शेतात, रस्त्यावर, पथारीवर काम करणाऱ्यांमध्ये जास्त दिसते, त्यालाही ऊन, वारा आणि धूळ कारणीभूत असतात.

रस्त्यावर मिळणारा काळाकुट्ट गॉगल इथेच फसवतो. काळी काच लावली की उजेड कमी होतो, म्हणून डोळ्याची बाहुली मोठी होते. काचेत अतिनील किरण अडवायची सोय नसेल, तर त्या मोठ्या झालेल्या बाहुलीतून ते जास्तच आत जातात. उलट, अजिबात रंग नसलेली पॉलिकार्बोनेटची पांढरी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. रंग आणि संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गॉगल घेताना इतकं पाहावं :

काचेवर किंवा दांडीवर यूव्ही 400 असं लिहिलेलं असावं. याचा अर्थ 400 नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवले जातात. नुसतं स्टिकर पुरेसं नाही. चांगल्या चष्म्याच्या दुकानात काच तपासायचं छोटं यंत्र असतं, त्यावर काच ठेवून दाखवायला सांगा.

गडदपणाचे 0 ते 4 असे पाच गट असतात. आपल्याकडच्या उन्हाला गट 3 बहुतेकांना पुरतो. त्यातून 8 ते 18 टक्के उजेड आत येतो. गट 4 त्याहून गडद असतो आणि तो लावून गाडी चालवू नये.

राखाडी काचेत रंग मूळचे दिसतात. तपकिरी काचेत रस्त्यावरचा खड्डा, दगड जरा उठून दिसतो. निळा, गुलाबी हे शोभेचे रंग, सिग्नलचे रंग त्यात बदलून दिसू शकतात. रात्री कोणताही रंगीत गॉगल नको, नाईट ड्रायव्हिंगच्या नावाने विकला जाणारा पिवळाही नको, कारण तोही उजेड कमीच करतो.

डांबरी रस्ता, पाणी, समोरच्या गाडीची काच यांवरून परतून येणारी तिरीप पोलराइज्ड काच कापते. दिवसभर रिक्षा, ट्रक किंवा मोटारसायकल चालवणाऱ्याला तिचा खरा फायदा होतो. मात्र मोबाइलचा स्क्रीन तिच्यातून कधी कधी काळा दिसतो, हे माहीत असावं.

फ्रेम लहान असेल तर बाजूने आणि वरून प्रकाश आत येतोच. रुंद फ्रेम आणि डोक्यावर टोपी किंवा रुमाल ही जोडी चांगली.

दोन गोष्टी गॉगलने कधीही करू नयेत. एक, वेल्डिंग. आपल्या भागातली अनेक तरुण पोरं गॅरेजमध्ये साधा गॉगल लावून वेल्डिंग करतात आणि रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होऊन तळमळतात. वेल्डिंगसाठी त्याच कामाची गडद काच आणि तोंडावर ढाल लागते. दुसरी गोष्ट, सूर्यग्रहण पाहणं. कितीही काळा गॉगल यासाठी चालत नाही. ग्रहणाची आकृती छिद्रातून कशी पडते, यावर इब्न अल-हैसम यांनी स्वतंत्र निबंधच लिहिला आहे. पुठ्ठ्याला छोटं छिद्र पाडून, सूर्याकडे पाठ करून जमिनीवर किंवा कागदावर पडलेली आकृती पाहायची. ग्रहण बघायचा हा एक सुरक्षित मार्ग.

काचेत वाकणारा प्रकाश आणि आपला नंबर

ग्रंथाच्या सातव्या भागात इब्न अल-हैसम प्रकाशाच्या वाकण्याकडे वळतात. हवेतून पाण्यात किंवा काचेत शिरताना प्रकाश दिशा बदलतो. गोलाकार पृष्ठभाग असलेल्या काचेमागची वस्तू मोठी दिसते, हेही त्यांनी भूमितीने तपासलं. काचेच्या गोळ्यातून सूर्यप्रकाश कसा एकवटतो, यावर त्यांचा आणखी एक निबंध आहे.

आपल्या चष्म्याचा नंबर म्हणजे काचेने प्रकाश किती वाकवायचा, याचं माप. प्लस 2 नंबरची काच सूर्याचा प्रकाश अर्ध्या मीटरवर एकवटते, प्लस 4 ची पाव मीटरवर. नंबर जितका मोठा, तितकं वाकवणं जास्त.

ज्याला लांबचं दिसत नाही, त्याच्या डोळ्यात प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते. त्याला मायनस नंबर लागतो, म्हणजे मध्ये पातळ, कडेला जाड अशी काच. उलट दोष असेल तर प्लस. डोळ्याचं बुबुळ क्रिकेटच्या चेंडूसारखं सारखं गोल नसून थोडं अंड्यासारखं असेल, तर सिलिंड्रिकल नंबर लागतो आणि तो कोणत्या कोनात बसवायचा तेही कागदावर लिहिलेलं असतं. तो कोन चुकला, तर नंबर बरोबर असूनही डोकं दुखतं. चाळिशीच्या आसपास डोळ्याचं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं वाचायला प्लस नंबर लागतो. हा आजार नव्हे, केस पिकण्यासारखंच वयाचं लक्षण आहे.

काच करायला टाकताना लोक बहुतेक वेळ फ्रेममध्ये घालवतात. त्याआधी या गोष्टी ठरवाव्यात.

पहिली, तपासणी. यंत्राने निघालेला नंबर हा सुरुवातीचा अंदाज असतो. त्यानंतर समोरच्या अक्षरांवर काचा बदलून, तुम्हाला विचारून नंबर पक्का झाला पाहिजे. मधुमेह असेल तर साखर खूप वरखाली होत असताना नंबर काढू नये, कारण साखरेबरोबर नंबरही हलतो. आणि डोळ्याच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्यावा. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. हा आजार डोळ्याच्या पडद्यावरही परिणाम करू शकतो, तेव्हा अशा घरात नुसत्या चष्म्याच्या दुकानावर भागवू नये.

दुसरी, पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. काचेचा मधला बिंदू बाहुलीसमोर यायला हवा. हे माप न घेता काच बसवली तर मोठ्या नंबरवाल्यांना ओढ लागते, डोकं जड होतं. दुकानदाराने हे माप घेतलं का, याकडे लक्ष ठेवा आणि कागदावर लिहून घ्या.

तिसरी, काचेचा प्रकार. ज्याला दुकानात फायबर म्हणतात, ती बहुतेक सीआर-39 नावाची प्लास्टिक काच असते. ती स्वस्त असते, तिच्यातून स्पष्ट दिसतं आणि लहान-मध्यम नंबरला ती उत्तम. खेळणाऱ्या मुलांना आणि कारखान्यात, गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांना पॉलिकार्बोनेट घ्यावी, ती सहज फुटत नाही. नंबर मोठा असेल तर 1.60 किंवा 1.67 अशा जास्त वाकवणाऱ्या काचा पातळ आणि हलक्या होतात. नंबर छोटा असताना त्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

चौथी, लेप. रिफ्लेक्शन कमी करणारं कोटिंग रात्री गाडी चालवणाऱ्याला खरंच उपयोगी आहे. निळा प्रकाश अडवणाऱ्या, म्हणजे ब्लू कट काचेचा मात्र आज फार गाजावाजा आहे. 2023 मध्ये कॉक्रेन या संस्थेने 17 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा ताण या काचांनी साध्या काचांपेक्षा कमी होतो, असं दिसलं नाही. त्यापेक्षा मोबाइल थोडा लांब धरणं, पापण्या मिटत राहणं आणि मधून मधून दूर पाहणं फुकट आहे.

उन्हात काळी होणारी फोटोक्रोमिक काच शेतात, बाजारात चांगली. गाडीत बसल्यावर ती फारशी काळी होत नाही, कारण गाडीची पुढची काच अतिनील किरण आधीच अडवते. आणि बाजारात तयार मिळणारा वाचायचा चष्मा दोन्ही डोळ्यांना एकच नंबर देतो. दोन्ही डोळे सारखे असतील आणि सिलिंड्रिकल नंबर नसेल तर तात्पुरता चालतो. नाहीतर तो डोळ्याचं नुकसान करत नाही, पण ताण देतो.

शंका घेणारा माणूस

इब्न अल-हैसम यांच्या लिखाणातला एक ग्रंथ टॉलेमीवरच्या शंकांचा आहे. टॉलेमी म्हणजे त्या काळातलं सर्वांत वजनदार नाव. वाचणाऱ्याने मोठ्या माणसाचं नाव पाहून मान डोलावू नये, जे वाचतो आहे त्याची सगळ्या बाजूंनी उलटतपासणी करावी, आणि ते करताना स्वतःच्या पूर्वग्रहावरही शंका घ्यावी, असा त्या ग्रंथाचा आशय आहे. ही वृत्ती घेऊन दुकानात गेलात तर काही साध्या तपासण्या तुम्हालाही करता येतील.

नवीन चष्मा हातात धरून दाराच्या चौकटीकडे एका काचेतून बघा आणि काच हळू डावीकडे-उजवीकडे हलवा. चौकट काचेबरोबर त्याच दिशेला सरकली तर काच मायनस आहे. उलट दिशेला सरकली तर प्लस. अजिबात सरकली नाही तर काचेला नंबर नाही. बिननंबरच्या गॉगलमध्ये चौकट सरकली किंवा लाटेसारखी वाकली, तर काच सदोष आहे, घेऊ नका.

पोलराइज्ड म्हणून दिलेला गॉगल आणि तसाच दुसरा गॉगल एकमेकांवर आडवे-उभे धरा. काच जवळजवळ काळी झाली पाहिजे. नाही झाली, तर पैसे नुसत्या रंगाचे घेतले आहेत.

चष्मा मिळाल्यावर चिठ्ठीवरचा नंबर आणि तयार काचेचा नंबर जुळतो का, ते दुकानातल्या यंत्रावर तुमच्यासमोर पाहायला सांगा. हा तुमचा हक्क आहे, त्यात कुणाचा अपमान नाही. नवीन नंबरला चार-आठ दिवस सवय लागते. त्यानंतरही जमीन वाकडी दिसत असेल, डोकं दुखत असेल, तर परत जा.

जे त्यांनी केलं नाही, तेही सांगायला हवं

इब्न अल-हैसम यांच्याबद्दल मोबाइलवर फिरणारे मेसेज अनेकांनी वाचले असतील. त्यांनी चष्मा शोधला, कॅमेरा शोधला, सगळा ग्रंथ कैदेत लिहिला, असं त्यात असतं. चष्मा तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत तयार झाला, म्हणजे त्यांच्या निधनानंतर जवळपास अडीचशे वर्षांनी. किताब अल-मनाझिरच्या पहिल्या तीन भागांचं इंग्रजी भाषांतर करणारे इजिप्शियन अभ्यासक ए. आय. साब्रा यांनी हा ग्रंथ 1028 नंतरचा, म्हणजे सुटकेनंतरचा मानला आहे. डोळ्याच्या आत प्रतिमा नेमकी कुठे उमटते, याबाबत खुद्द इब्न अल-हैसम चुकले. ती डोळ्याच्या भिंगावर नव्हे तर मागच्या पडद्यावर आणि उलटी पडते, हे केप्लरने 1604 मध्ये दाखवलं. अंतर्वक्र आणि बहिर्वक्र काच नजर कशी सुधारते, याचा उलगडाही त्याच पुस्तकात आला.

यातून त्यांचं मोठेपण कमी होत नाही. केप्लरपर्यंत पोचणारी वाट त्यांच्याच ग्रंथातून जाते. बाराव्या शतकाच्या अखेरीस किंवा तेराव्याच्या सुरुवातीला त्याचा लॅटिन अनुवाद झाला. रॉजर बेकन, विटेलो यांनी तो अभ्यासला. 1572 मध्ये तो बाझल शहरात छापला गेला. इराणकडे कमालुद्दीन अल-फारिसी यांनी त्यावर भाष्य लिहिलं आणि पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यावर प्रयोग करून इंद्रधनुष्य कसं होतं ते उलगडलं. जो माणूस टॉलेमीलाही तपासल्याशिवाय सोडत नव्हता, त्याच्या नावाने न तपासलेला मेसेज पुढे ढकलणं त्याला आवडलं नसतं.

चौदाव्या शतकात जगप्रवासी इब्न बतूता दौलताबादहून निघून नंदुरबारला आला होता. इथल्या मराठी लोकांबद्दल त्याने लिहून ठेवलं, की ते कारागिरीत, वैद्यकात आणि ज्योतिषात तरबेज आहेत. तोवर इटलीत चष्मे बनू लागून काही दशकं झाली होती. नंदुरबारच्या चाळिशी उलटलेल्या कारागिराला मात्र सुईत दोरा ओवायला उजेडाकडे सरकून बसण्याशिवाय उपाय नव्हता. आज उपाय आहे आणि तोही फार महाग नाही. तरी कितीतरी घरांत आपण त्या कारागिरासारखेच बसून आहोत.

आजीने कुरआनचं पठण कमी केलं, कारण अक्षरं पुसट दिसतात. ती वयाला दोष देते. मुलगा फळ्यावरचं उतरवून घेत नाही, म्हणून त्याला मठ्ठ ठरवतात. मुलीला चष्मा लागला तर लग्नाला अडचण येईल, म्हणून तिची तपासणीच होत नाही. चष्मा लावला की नंबर वाढतो, ही समजूत तर सगळीकडे आहे. नंबर डोळ्याच्या वाढीमुळे वाढतो, चष्म्यामुळे नव्हे. उलट लहानपणी एका डोळ्याला मोठा नंबर असून काच मिळाली नाही, तर तो डोळा पाहायला शिकतच नाही आणि पुढे चष्म्यानेही नीट दिसत नाही. सात-आठ वर्षांच्या आत हे लक्षात आलं तर सुधारणेची आशा सर्वांत जास्त असते.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांना आणि जवळचं न दिसणाऱ्या वृद्धांना मोफत चष्मे देण्याची सोय आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांकडे चौकशी करा. अंगणवाडी आणि शाळांमध्ये बाल आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवा : आधी अचूक नंबर, मग पीडी, मुलासाठी न फुटणारी काच, उन्हासाठी यूव्ही 400, आणि कोटिंग-फॅशन सगळ्यात शेवटी.

इब्न अल-हैसम हिजरी 430 च्या सुमारास, म्हणजे इसवी सन 1040 च्या आसपास, कैरोमध्ये वारले. तेव्हा ते पंच्याहत्तरीच्या घरात होते. संयुक्त राष्ट्रांनी 2015 हे प्रकाशाचं आंतरराष्ट्रीय वर्ष पाळलं, तेव्हा त्यांच्या ग्रंथाची सहस्राब्दी म्हणून त्यांची जगभर आठवण काढली गेली. इराकच्या नोटेवर त्यांचं चित्र आहे, चंद्रावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे. त्यांची आठवण ठेवायचा आपल्या हातातला मार्ग याहून साधा आहे. येत्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाला एकेक डोळा झाकून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगा. ज्याला अडखळायला होईल, त्याला घेऊन दवाखान्यात जा.